काशीला सोडलेलं कारलं

काशीहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आईच्या हातातल्या कारल्याच्या रसाच्या पेल्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मला आता हे चालत नाही. काशीला सोडलं."

आई पेला धरून तशीच उभी राहिली. टेबलावर गंगाजलाची सीलबंद लोटी, रुद्राक्षाची माळ आणि प्रसादाची पुडी मांडलेली होती. पुडीतला प्रसाद आदल्या दिवशीच निम्मा झाला होता, आणि तो कोणी निम्मा केला हे विचारायची गरज नव्हती.

आमच्याकडे काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी वस्तू तिथे कायमची सोडून यायची पद्धत आहे. एकदा सोडली की या जन्मात ती तोंडात घालायची नाही. देवाचं दर्शन घ्यायचं, गंगेत बुडी मारायची आणि थोडा मोह तिथेच ठेवून हलकं होऊन परत यायचं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. आमची माणसं मात्र देवाच्या बाबतीत जितकी भाविक तितकीच हिशेबी. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी फणस सोडला होता, आणि नाशकात फणस दारात येऊन तुम्हाला गळ घालत नाही. माझ्या एका मावशीने शिंगाडा सोडला. शिंगाडा न खाता ती गेली कित्येक वर्षं धीराने जगते आहे.

बाबांना मधुमेह होता. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती काशीला जाऊ शकली नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाबरोबर बाबा एकटेच निघाले तेव्हा तिने नाशिकरोड स्टेशनवर, सगळ्यांसमोर, त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की तुम्ही तिथे गोड सोडून याल. बाबांनी मान हलवली होती.

"अहो, गोड सोडून या म्हणाले होते ना मी?" आई म्हणाली.

"तिथे गर्दीत आठवलं नाही."

"आणि कारलं बरं आठवलं."

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. एखाद्या माणसाने आपल्यावरच्या औषधाचाच देवासमोर त्याग करून यावा, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. मला हसू येत होतं. आईला रडू येत होतं. तिने तो रस सिंकमध्ये ओतला नाही, उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला. पुढे कितीतरी दिवस घरात मधुमेह नसलेली व्यक्तीच कारल्याचा रस पीत होती.

माझे बाबा शाळेत पीटीचे सर होते. हजारभर पोरांना एका शिट्टीत सावधान करणारे. ग्राउंडवर कोणी खिशात चिंचा, गोट्या, बोरं असं काही आणलं की ते काही बोलायचे नाहीत, नुसता तळवा पुढे करायचे आणि पोरगं मुकाट्याने सगळं त्यावर काढून ठेवायचं. घरी याच माणसाला जिलेबीची परात दिसली की त्याचं विश्राम होऊन जायचं. डॉक्टरांनी समजावलं, दरडावलं, एकदा हातही जोडले. बाबा त्यांना "हो हो, अगदी बरोबर" म्हणायचे आणि दवाखान्यातून परत येताना गंगापूर रोडला मिठाईच्या दुकानापाशी मला गाडी थांबवायला लावायचे.

यावरून कोणी असं समजेल की त्यांचा स्वतःवर ताबाच नव्हता. तसं नव्हतं, आणि माझा संताप होता तो त्याचाच. संकष्टीला ते चंद्र उगवेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. श्रावणात कांदा-लसूण बंद म्हणजे बंद. लग्नाच्या पंगतीत भाजीला लसणाचा वास आला तर कोरडी पोळी मिठाशी खाऊन उठायचे, तेही तक्रार न करता. एवढं सगळं जमणाऱ्या माणसाला चहात साखर नको म्हणणं जमत नव्हतं. मी एकदा चिडून विचारलंच की देवासाठी जमतं ते डॉक्टरांसाठी का जमत नाही. ते म्हणाले, "डॉक्टरला फसवता येतं रे. त्याला फक्त रिपोर्टच्या दिवशी कळतं."

मी देव मानत नाही. हे मी घरात कॉलेजच्या वयापासून सांगत आलो आहे आणि ते कोणी फारसं मनावर घेतलेलं नाही. माणसाने स्वतःच्या बुद्धीने स्वतःला आवरावं, त्यासाठी वर कोणी पहारेकरी कशाला हवा, असं मी ठासून म्हणायचो. म्हणून झालं की सिगारेट ओढायला गच्चीवर जायचो. माझी सिगारेट तोवर निकोटीनच्या गोळ्यांनी, च्युइंगमने आणि मोबाइलमधल्या एका ॲपने सोडवून पाहिली होती. ते ॲप रोज सकाळी माझं अभिनंदन करायचं, मी कालच ओढलेली असली तरी. स्वतःशी केलेला निश्चय असा असतो की पकडणाराही आपणच आणि माफ करणाराही आपणच. शेवटी बायकोने माझ्या सिगारेटीचा नाद सोडून दिला. सोडण्याच्या बाबतीत घरात ती एकटीच यशस्वी म्हणायची.

तर अशा घरात श्रावण आला. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगराला अनवाणी प्रदक्षिणा. बाबा तरुणपणापासून करत होते. आईने अडवलं, मी अडवलं, पण हा विषय डॉक्टरांच्या नव्हे तर वरच्या खात्यातला असल्याने आमचं काही चाललं नाही. ते चिखलातून, दगडातून, पावसात भिजत सगळी फेरी करून आले आणि खूश होते. मधुमेहाने पायाची जाणीव कमी होते हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण ऐकणं आणि कळणं यात अंतर असतं. आईला फरशीवर लाल ठिपके दिसले, देवघरापासून बाल्कनीपर्यंत. डाव्या पायाच्या अंगठ्याला खाली चांगली खोल चीर पडली होती आणि बाबांना तिचा पत्ताच नव्हता.

जखम भरेना. डॉक्टरांनी या वेळी समजावलं नाही आणि हातही जोडले नाहीत. गोड पूर्ण बंद झालं नाही तर अंगठा काढावा लागेल, एवढंच म्हणाले. घरी येताना बाबांनी गंगापूर रोडला थांबायला सांगितलं नाही, तेव्हा मला वाटलं, चला, घाबरले एकदाचे.

चार दिवसांनी आई कापूर काढायला देवघराखालचा खण उघडते तर कापराच्या डबीशेजारी कागदात गुंडाळलेले पेढे. कापराचा वास लागलेले ते पेढे हा माणूस पूजा झाल्यावर गुपचूप खात होता. ज्याने हे चाखलं नाही त्याने चाखू नये. मी एक तोडून बघितला, तोंडात सर्दीचा बाम फिरल्यासारखं झालं. आईने मात्र हात टेकले. ती देवघरासमोर खाली बसली आणि पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "तुझ्या डोक्यात काही असेल तर कर बाबा. मला यांचा पाय हवाय."

माझ्या डोक्यात जे आलं ते माझ्यासारख्याला शोभणारं नव्हतं. या माणसाला डॉक्टर आवरू शकत नाही, आम्ही आवरू शकत नाही, ज्याच्या नावाने तो आवरतो त्यालाच कामाला लावायचं. म्हणजे पुन्हा काशी. पण त्या पायाने काशी शक्य नव्हती. तेव्हा मी बाबांना म्हणालो की गोदावरीवर जाऊ, रामकुंडावर. अख्खं नाशिक नदीला गंगाच म्हणतं, आपल्या गावाला दक्षिण काशी म्हणतात, गोड तिथे सोडा.

बाबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "काशी ती काशी," ते म्हणाले.

मग मी आमच्या गुरुजींना बोलावलं. हे गुरुजी माझ्या लग्नातले. तेव्हा मी त्यांच्याशी मंत्रांच्या अर्थावरून इतका वाद घातला होता की मुहूर्त टळायची वेळ आली होती. आता मीच त्यांना फोन करतोय म्हटल्यावर तेही जरा सावध होऊन आले. मी त्यांना माझ्या हाताने चहा दिला आणि माझी बाजू मांडली. मूर्ती नसेल तर सुपारीचा गणपती करून पूजा होते. मग काशीच्या जागी रामकुंड का चालू नये? गुरुजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि चालतं म्हणाले. पर्याय शास्त्राला मान्य आहे, भाव खरा हवा. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही.

रामकुंडावर सकाळी नेहमीची गडबड होती. परगावच्या बसमधून उतरलेली माणसं, ओले कपडे पिळणाऱ्या बायका, बाजूला कोणाचं तरी अस्थिविसर्जन. बाबा पायरीवर बसले. जखम भिजू नये म्हणून डाव्या पायाला आईने प्लास्टिकची पिशवी बांधून दिली होती, तिच्यावर एका साडीच्या दुकानाचं नाव होतं. नदीत त्यांनी फक्त हात बुडवला. संकल्प सोडायच्या आधी त्यांनी गुरुजींशी वाटाघाटी सुरू केल्या. गोड म्हणजे नक्की काय काय? पुरणपोळी धरायची का? गुरुजी म्हणाले, धरायची. चहातली साखर? तीही. द्राक्षं? इथे गुरुजी थोडे अडखळले, कारण नाशकात राहून द्राक्षं सोडा असं सांगायला धाडस लागतं. दोन-चार मणी चालतील म्हणाले. बाबांचा चेहरा उजळला आणि अगदी सहज, पाण्याकडे बघत, त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"आणि प्रसाद?"

गुरुजी म्हणाले, "प्रसाद हा पदार्थ नव्हे. त्याला नाही म्हणता येत नाही."

मला तिथेच कळायला हवं होतं. मी घाईत होतो, ऑफिस गाठायचं होतं. बाबांनी ओंजळीतून पाणी सोडलं आणि गोड सुटलं.

खरंच सुटलं. दुसऱ्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा. आईने त्यांची परीक्षा बघायला समोर श्रीखंड ठेवलं तर त्यांनी वाटी बाजूला सारली, तीही तशीच, कोरडी पोळी खाताना असायचा तसल्या चेहऱ्याने. आई हरखली. मी बायकोला म्हणालो की बघ, देव नसला तरी उपयोगी आहे. आठवडाभर मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

मग गणपती बसले. बाबांची भक्ती एकदम वाढली. सोसायटीच्या आरतीला ते हजर, ते आम्ही समजू शकत होतो. पण तिथली आरती संपली की काठी टेकत शेजारच्या सोसायटीत, तिथून कोपऱ्यावरच्या मंडळात. सगळीकडे त्यांचे जुने विद्यार्थी होते. "सर आले, सर आले" म्हणून त्यांना खुर्ची मिळायची आणि हातावर एकाच्या जागी दोन मोदक. वर कोणी तरी आग्रहाने पेढा ठेवायचं. संकल्प एका बाजूने घट्ट आवळलेला आणि दुसऱ्या बाजूने मांडवभर उघडा. साखर तपासली तर श्रीखंड खात होते तेव्हाच्याही वर गेलेली. अंगठ्याची कड काळपट दिसायला लागली होती.

त्या संध्याकाळी सोसायटीत आरती चालू होती. मी ऑफिसातून आलो, आणि पार्किंगमधून वर न जाता पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे वळलो. आरतीच्या वेळी तिथे कोणी फिरकत नाही. सिगारेट पेटवली, पहिला झुरका घेतला आणि समोर बघितलं तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा. मांडीवर रुमाल पसरलेला आणि रुमालात दोन मोदक. एक अर्धा खाल्लेला.

मी चाळिशीतला माणूस. बाबांना माझी सिगारेट माहीत होती आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी ती एकमेकांच्या डोळ्यांसमोर येऊ दिली नव्हती. मी ती पाठीमागे लपवली. त्यांनी रुमालाची घडी घातली. टाळ्या आणि झांजा चालूच होत्या.

"टाक ते," बाबा म्हणाले.

"आधी तुम्ही टाका."

"प्रसाद टाकत नसतात."

मला एकदम राग आला. इतका की माझा आवाज चढला. मी म्हणालो की पाय जाणार आहे तुमचा, आई रोज रडते, आणि तुम्ही इथे देवाच्या आडून मोदक खाताय. तुमचा देव तुम्हाला हे करायला सांगतो का? बाबा ऐकून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडत होतो. माझं बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. पाठीमागून धूर वर येत होता.

"तू सोड," ते म्हणाले. "मग मी प्रसादही सोडतो."

"सोडली."

"असं नाही. शपथ घे."

"कोणाची घेऊ? मी देव मानत नाही."

"मग काय मानतोस?"

आली का पंचाईत. संविधान, विज्ञान, माणुसकी असलं काहीबाही तोंडाशी आलं, पण मोटारीच्या खोलीमागे, हातात पेटती सिगारेट घेऊन, ते बोलवेना. मी खाली बघितलं. त्यांच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर गुलाल पडला होता.

"तुमच्या अंगठ्याची," मी म्हणालो.

बाबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघितलं. असला देव त्यांनी कधी पाहिला नसावा. मग ते हसले आणि रुमाल माझ्यापुढे धरला. प्रसाद टाकायचा नव्हता आणि आता त्यांना खाता येत नव्हता. मी सिगारेट पायाखाली विझवली आणि ते दीड मोदक उभ्या उभ्या खाल्ले.

त्यानंतर बाबांनी शब्द पाळला. प्रसाद हातात घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि आईकडे द्यायचे. विसर्जनाच्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याने अख्खा डबा पुढे केला तर त्याला म्हणाले की मला चालत नाही, मुलाची शपथ आहे.

आणि मी. अंबडला मी कामाला आहे त्या कारखान्याबाहेर आमची नेहमीची पानटपरी आहे. टपरीवाला मला बघितलं की न विचारता पाकिटातून एक काढून हातावर ठेवायचा. दुसऱ्याच दिवशी त्याने ठेवली, लायटर पुढे केला आणि माझा हात वर जाईना. मला पक्कं माहीत होतं की अंबडच्या टपरीवरच्या धुराचा आणि घरी खुर्चीवर ठेवलेल्या एका पायाचा काडीमात्र संबंध नाही. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. तरी मला तो गुलाल लागलेला अंगठा दिसत होता. मी सिगारेट परत केली आणि स्वतःवर भयंकर चिडलो. ज्याची आयुष्यभर टर उडवली तोच मी झालो होतो, आणि माझ्या वाट्याला देव आला होता तोही पू धरलेला. पण सिगारेट सुटली. गोळ्यांनी, ॲपने जे झालं नाही ते झालं.

अंगठा मात्र वाचला नाही. फार उशीर झाला होता. नवरात्राच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तो काढला.

ऑपरेशन झाल्यावर आई घरी डबा आणायला गेली आणि मी हॉस्पिटलच्या गेटबाहेर आलो. मी रडलो नाही, मला नुसती चीड आली होती. त्यांनी पाळलं, मी पाळलं, आणि तरी गेला. म्हणजे मी जे आयुष्यभर सांगत होतो तेच खरं, वर कोणी हिशेब ठेवत बसलेलं नाही. मी एक सिगारेट घेतली. शपथ ज्याच्यावर होती तो अंगठाच आता नव्हता, त्यामुळे मी मोकळा होतो. काडेपेटी मागायच्या आधी वाटलं की एकदा वर जाऊन बघून यावं, जागे झाले असतील. सिगारेट शर्टच्या खिशात टाकून वर गेलो.

बाबा जागे होते. पाय उशीवर ठेवलेला, पट्टीतून चार बोटांची टोकं बाहेर दिसत होती. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खिशाकडे. पीटीच्या सरांची नजर ती.

"अंगठा गेला, बाबा," मी म्हणालो. "शपथ सुटली."

त्यांनी नजर खिशावरून पायाकडे नेली. मग म्हणाले, "काशीच्या जागी रामकुंड चालतं, हे कोणी शोधून काढलं?"

"मी."

"मूर्तीच्या जागी सुपारी चालते, हेही तूच सांगितलंस ना गुरुजींना?"

"हो."

"मग अंगठ्याच्या जागी ही चार चालतील," बाबा म्हणाले, आणि तळवा पुढे केला.

मी सिगारेट त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि डोळेही मिटले. माझ्या तोंडून तेव्हा हुंदका निघाला आणि मी तो अडवला नाही.

घरी आल्यावर बाबांनी ती सिगारेट देवघराखालच्या खणात ठेवली, कापराच्या डबीशेजारी, जिथे पेढे असायचे. अजून तिथेच आहे. आई रोज कापूर काढताना तिला बाजूला सारते आणि परत जागेवर ठेवते. बाबांची चारही बोटं शाबूत आहेत आणि कारलं त्यांना अजून चालत नाही. मी देव मानत नाही. खणाला कुलूप नाही.